पीएफ आणि पेन्शनचा पैसा ऑनलाइन चोरांपासून कसा सांभाळायचा, स्टेप बाय स्टेप

पीएफ म्हणजे सरकारकडचा पैसा, तिथून कोण काय चोरणार, असं बऱ्याच जणांना वाटतं. हे अर्धंच खरं आहे. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, सर्व्हरमध्ये घुसून कुणी तुमची शिल्लक पळवली असं सहसा होत नाही, कारण चोराला तेवढी मेहनत करायची गरजच पडत नाही. तो तुमच्या नावाने, तुमच्याच मोबाईलवर आलेल्या ओटीपीने, अगदी रीतसर क्लेम, म्हणजे पैसे काढायचा अर्ज, टाकतो. नाहीतर त्याहून सोपं, क्लेम तुम्हीच टाकता, पैसे तुमच्या बचत खात्यात येतात आणि तिथून तो उचलतो. म्हणून या लेखात पीएफच्या पोर्टलपेक्षा मोबाईल नंबर, आधार आणि बँक खातं याबद्दल जास्त आहे, खरं कुलूप तिथेच आहे.

पेरोलच्या कामात असल्यामुळे मला अजून एक गोष्ट दिसते. एप्रिल २०२५ पासून यूएएनला, म्हणजे पीएफ खातेदाराच्या कायमच्या नंबरला, बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरी लागत नाही, चेकचा फोटो अपलोड करायची भानगडही गेली. जून २०२५ मध्ये नोकरीत असतानाच पीएफमधून काढायच्या अ‍ॅडव्हान्सच्या ऑटो सेटलमेंटची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली, म्हणजे सगळं जुळत असेल तर कुणाचा हात न लागता तीनेक दिवसांत पैसे खात्यात. हे झालं ते चांगलंच झालं, सही मिळावी म्हणून जुन्या कंपनीच्या एचआरला महिनोनमहिने फोन करणारे लोक मी पाहिलेत. पण तेव्हा निदान एका माणसाची नजर त्या अर्जावर पडायची आणि तो विचारायचा की अहो हे बँक खातं का बदललं, आता ते विचारणारं कुणी नाही, सगळी भिस्त तुमच्या ओटीपीवर. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

पहिलं काम: मोबाईल नंबर

आधार, यूएएन आणि बँक या तिन्ही ठिकाणी कुठला नंबर आहे ते आधी कागदावर लिहून काढा. बऱ्याच घरांत बाबांच्या आधारला मुलाचा जुना नंबर असतो, यूएएनला कंपनीने दिलेल्या सिमचा असतो जो नोकरी सोडताना परत केला, आणि बँकेत तिसराच. बंद पडलेला नंबर कायम बंद राहत नाही, कंपनी तो ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे तुमचे ओटीपी उद्या कुणा भलत्याच माणसाच्या फोनवर. दुबई, अमेरिका, सिंगापूरला गेलेल्या आपल्या लोकांचं हे हमखास होतं, इथली आठ-दहा वर्षांची नोकरी, पीएफ तसाच पडलेला, आणि रिचार्ज न केल्यामुळे भारतातला नंबर केव्हाच गेलेला. पीएफ काढून घ्या किंवा तो नंबर रिचार्ज करून जिवंत ठेवा, मधलं काही ठेवू नका.

तिन्हीकडे एकच नंबर असू दे, आणि ते सिम तुमच्याच नावावर असू दे. आधारमधला नंबर बदलायचं काम आधी उरकून घ्या कारण बाकी सगळं त्यावरच चालतं. मग संचार साथी या सरकारी पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' म्हणून कळवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि लोकांना तिथे खरंच न घेतलेली सिम सापडतात.

फोनच्या सेटिंगमध्ये सिमला पिन लावून ठेवा, म्हणजे फोन चोरीला गेला तरी ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेता येणार नाहीत. सुरुवातीचा पिन कंपनीने ठरवलेला असतो, अंदाजाने टाकत बसू नका, तीनदा चुकला की सिम लॉक होतं, आधी कस्टमर केअरला विचारा. नेटवर्क अचानक गेलं, बाकीच्यांच्या फोनला रेंज आहे आणि तुमच्या नाही, असं झालं तर फोन रिस्टार्ट करून एकदा बघा आणि तरी आलं नाही तर लगेच दुसऱ्याच्या फोनवरून सिम कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलंय का. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत असा नियम आहे, तो याच चोरीसाठी केलाय, तेवढाच वेळ तुमच्या हातात असतो.

आणि कॉल फॉरवर्डिंग. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, पार्सल अडकलंय, डिलिव्हरी कन्फर्म करायला स्टार २१ स्टार आणि पुढे हा नंबर डायल करा. ते केलं की तुमचे सगळे कॉल त्या माणसाकडे जातात, बँकेचा खात्री करायला आलेला कॉलसुद्धा, आणि जे ओटीपी कॉलवर सांगितले जातात तेही. आत्ताच फोन उचला आणि स्टार हॅश २१ हॅश डायल करून बघा, फॉरवर्डिंग चालू असेल तर नंबर दिसेल. बंद करायला हॅश हॅश ००२ हॅश.

आधार

आधार अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे तो लावा. अंगठ्याच्या ठशावर खात्यातून पैसे काढायची जी सोय गावोगावच्या बँक मित्रांकडे असते, तिचा गैरवापर करून, ठशाची नक्कल वापरून पैसे काढल्याच्या केसेस झाल्यात आणि त्यात ओटीपी लागतच नाही. लॉक लावला की ठसा, बुबुळ, चेहरा काहीच चालत नाही. आता यात एक अडचण, जी फारसं कुणी सांगत नाही: हयातीचा दाखला चेहऱ्याने द्यायचा असेल किंवा उमंग या सरकारी अ‍ॅपवर फेस ऑथेंटिकेशन करायचं असेल तर लॉक तेवढ्यापुरता काढावा लागतो. काढा, काम करा, परत लावा. नोव्हेंबरात 'फेस मॅच होत नाही' म्हणून वैतागलेल्या आजोबांपैकी काहींचं कारण एवढंच असतं.

त्याच अ‍ॅपमध्ये आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची मागच्या सहा महिन्यांची यादी बघता येते. तुम्ही झोपलेले असताना रात्री दोनला ऑथेंटिकेशन झालेलं दिसलं तर १९४७ वर फोन करा. आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पॅन, पासबुक एकत्र पाठवून 'दादा प्रिंट काढून ठेवा' हे बंद करा, त्याच्या फोनमध्ये अख्ख्या वॉर्डाची कागदपत्रं पडलेली असतात.

आता यूएएनचं खातं उघडून बघा

गुगलवर 'पीएफ कस्टमर केअर नंबर' शोधू नका. हे मी दहा वेळा लिहायला तयार आहे. सर्चमध्ये वर येणारे कित्येक नंबर चोरांनीच टाकलेले असतात, आणि त्यांच्याकडे तर तुम्ही स्वतः फोन करून जाता, त्यामुळे संशयही येत नाही. ईपीएफओची हेल्पलाइन १४४७० आहे, ती कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा, शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे ना ते बघा, म्हणजे ईपीएफइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. मधे कुठेतरी ईपीएफओ लिहिलंय आणि शेवटी डॉट कॉम, डॉट ऑनलाइन, डॉट एक्सवायझेड असलं काही असेल तर ती साइट सरकारची नाही, कितीही अशोकस्तंभ लावलेला असू दे. अ‍ॅप म्हणाल तर उमंग, आणि तेही प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपल स्टोअरमधूनच.

लॉगिन केल्यावर पासवर्ड आधी बदला. 'नाव अ‍ॅट १२३' किंवा जन्मसाल नको. कित्येक लोकांचं यूएएन अ‍ॅक्टिव्हेट त्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी किंवा सायबर कॅफेवाल्याने करून दिलेलं असतं आणि पासवर्ड त्याने ठेवलेलाच अजून चालू असतो.

मग हे बघा, घाई न करता. केवायसीमध्ये बँक खातं तुमचंच आहे का, चालू आहे का, आयएफएससी बदलला तर नाही ना, बँकांच्या विलीनीकरणात बऱ्याच जणांचे बदललेत. मोबाईल आणि ईमेल तुमचाच आहे का. सर्व्हिस हिस्टरीमध्ये ज्या कंपन्या दिसतायत तिथे तुम्ही खरंच काम केलंय का, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी बघत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सीबीआयने एक प्रकरण समोर आणलं होतं, त्यात नागपूर, औरंगाबाद, पाटणा, रांची अशा ठिकाणी नावापुरत्या आस्थापना रजिस्टर केल्या, खऱ्या ११ खातेदारांना तिथले कर्मचारी दाखवलं, त्यांचं केवायसी फिरवलं आणि ३९ क्लेम टाकून १ कोटी ८३ लाख रुपये काढले. म्हणजे चोराचा फोन किंवा ओटीपी आला तरच पैसा जातो असं नाही. असल्या प्रकारात पासबुक आणि सर्व्हिस हिस्टरी बघत राहणं एवढीच गोष्ट खातेदाराच्या हातात असते. तुम्ही कधीच न केलेली नोकरी तुमच्या यूएएनला चिकटलेली दिसली तर जानेवारी २०२५ पासून पोर्टलवर तो मेंबर आयडी (त्या कंपनीतल्या पीएफ खात्याचा नंबर) काढून टाकायची सोय दिली आहे, ती वापरा आणि वर तक्रारही करा.

पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी बघा. पोर्टल चालत नसेल, आणि ते बऱ्याचदा चालत नाही हे खरंय, तर रजिस्टर्ड नंबरवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, दोन रिंगनंतर आपोआप कट होतो आणि शिल्लक एसएमएसने येते. मराठीत हवी असेल तर ७७३८२९९८९९ वर एसएमएस करा, इंग्रजी मोठ्या अक्षरांत ईपीएफओएचओ, मग यूएएन, मग एमएआर, मधे मधे स्पेस. पैसे काही लागत नाहीत, पण नंबर यूएएनला जोडलेला हवा आणि केवायसी झालेलं हवं. तुमच्या कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर शिल्लक इथे दिसणार नाही, ती कंपनीच्याच पोर्टलवर असते, घाबरू नका.

ई-नॉमिनेशन भरलं नसेल तर तेही उरकून टाका. याचा फ्रॉडशी काय संबंध असं वाटेल. संबंध असा की नॉमिनी नसताना माणूस गेला की घरचे कागदपत्रांसाठी धावत सुटतात आणि तेव्हाच 'आमची ओळख आहे, दहा टक्के द्या, काम करून देतो' म्हणणारे भेटतात. पीएफ ऑफिसचं कुठलंच काम फी घेऊन होत नाही, पैसे काढायचे, ट्रान्सफर, नाव दुरुस्ती, सगळं फुकट आहे. एजंटला पैसे जातातच, वर यूएएन, पासवर्ड, ओटीपी सगळं त्याच्या वहीत जातं. स्वतःला जमत नसेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात 'निधी आपके निकट' म्हणून कॅम्प असतो, पीएफचे अधिकारी तिथे येतात, कागद घेऊन थेट तिथे जा.

फोन कुणाचा, मेसेज कुठला

चोर काय बोलतो ते बातम्यांप्रमाणे बदलत राहतं. व्याजदर जाहीर झाला की 'तुमचं व्याज अडकलंय, केवायसी अपडेट करा'. पीएफचे पैसे एटीएममधून मिळणार अशी बातमी आली की 'तुमचं पीएफ एटीएम कार्ड तयार आहे, अ‍ॅप टाका'. आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो किमान पेन्शनचा. ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून १००० रुपये आहे, ती ७५०० करा म्हणून आंदोलन वर्षानुवर्षं चालू आहे, बुलढाण्यातून ते उभं राहिलं आणि साखर कारखाने, एसटी, गिरण्या, सूतगिरण्या इथले हजारो निवृत्त लोक त्याकडे डोळे लावून बसलेत. त्यांच्या ग्रुपवर 'अखेर ७५०० मंजूर, लिंकवर नोंदणी करा' असा मेसेज टाकला की गळाला लागायला कितीसा वेळ लागणार. साधी गोष्ट लक्षात ठेवा: पेन्शन वाढली तर ती पीपीओ नंबरवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर) आपोआप वाढेल, त्यासाठी नोंदणी करायला सांगणाराच लबाड.

ईपीएफओ फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर कधीच यूएएन, आधार, पॅन, बँक खातं, ओटीपी विचारत नाही आणि कुठल्याही कामासाठी आधी पैसे भरायला सांगत नाही. हे त्यांनी स्वतः परत परत जाहीर केलंय. तेव्हा 'तुमचे ६ लाख ४० हजार मंजूर झालेत, फक्त टीडीएसचे ४२०० आधी भरा' असं कुणी म्हटलं तर तिथेच फोन ठेवा. टीडीएस कापायचा असेल तर तो रकमेतूनच कापला जातो, आधी भरायला कुणी सांगत नाही.

खरा सरकारी एसएमएस दहा आकडी नंबरवरून येत नाही, अक्षरी नावाने येतो आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी डॅश देऊन इंग्रजी जी असतो. बँकांसारख्या संस्थांच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठेवलेत. बँकांच्या वेबसाइट आता डॉट बँक डॉट इन वर आल्यात. या तिन्ही खुणा उपयोगाच्या आहेत, पण त्यावर डोळे झाकून जाऊ नका, खूण बरोबर असली तरी ओटीपी द्यायचा नाहीच. संशयास्पद कॉल किंवा मेसेज आला आणि पैसे गेले नसतील तर संचार साथीवर चक्षू म्हणून भाग आहे तिथे कळवा.

एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल, हे वेगळं संकट आहे. 'जीवन प्रमाण डॉट एपीके', 'आरटीओ चलान डॉट एपीके', कधी लग्नपत्रिका, आणि ती ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून येते कारण त्याचाही फोन अडकलेला असतो. ती इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, दिली की तुमचे ओटीपी तुम्हाला न विचारता पुढे जातात, तुम्ही कुणाशी एक शब्द बोलला नाहीत तरी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कुठलीही एपीके उघडायची नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विक सपोर्ट टाका असं फोनवर सांगणारा माणूस तुमची स्क्रीन बघायला बसलाय, त्यालाही तेच.

रिटायर व्हायचा महिना आणि त्यानंतरचं वर्ष

सगळ्यात जास्त धोका इथे आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, सगळं मिळून आयुष्यात पहिल्यांदा वीस, चाळीस, सत्तर लाख एका बचत खात्यात येतात, आणि बऱ्याचदा ते तेच खातं असतं ज्याला यूपीआय जोडलेलं आहे, ज्याचं डेबिट कार्ड भाजीवाल्यापासून विमानाच्या तिकिटापर्यंत सगळीकडे वापरलंय. पीएफमध्ये असताना तो पैसा काढायला फॉर्म १९ भरावा लागायचा, आता चुकीच्या जागी टाकलेला एक पिन पुरेसा आहे.

म्हणून रिटायर व्हायच्या दोन-तीन महिने आधी वेगळं खातं उघडा. त्याला यूपीआय नको, डेबिट कार्ड घ्यायचंच नाही किंवा अ‍ॅपमधून बंद करून ठेवायचं, नेट बँकिंगची रोजची मर्यादा कमीत कमी करायची. मग हे खातं यूएएनच्या केवायसीत जोडा आणि ते मंजूर झाल्यावरच क्लेम टाका. पैसे आले की आठवड्याभरात ठरवून एफडी, सीनियर सिटिझन स्कीम, पोस्ट, जिथे टाकायचे तिथे टाका. ऑनलाइन मोडता न येणारी, शाखेत जाऊनच मोडावी लागेल अशी एफडी मिळते का ते शाखेत विचारा, तरुणांना हे जुनाट वाटतं पण या वयात तो त्रासच तुमचा पहारेकरी आहे. दर महिन्याला लागतील तेवढेच पैसे यूपीआयच्या खात्यात काढा.

याच काळात दोन प्रकारचे लोक येतात. एक हसतमुख, जो व्हॉट्सअ‍ॅपच्या किंवा टेलिग्रामच्या शेअर ट्रेडिंग ग्रुपमध्ये घेतो, अ‍ॅपमध्ये रोज नफा वाढताना दिसतो, सुरुवातीला पाच-दहा हजार काढूही देतो, आणि मोठी रक्कम टाकली की काढताना 'टॅक्स भरा' सुरू होतं. दुसरा दरडावणारा. तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झालाय, मुंबईत मनी लाँडरिंगची केस आहे, व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा ड्रेस, मागे बोर्ड, कधी खोटं कोर्टसुद्धा, आणि 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही'. भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक यात अडकलेत. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये हे सांगितलं, डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या प्रकारांचा तपास सीबीआयकडे दिला. कुठलाही खरा तपास अधिकारी 'तपासणीसाठी' तुमची एफडी मोडून पैसे ट्रान्सफर करायला सांगत नाही.

यावर घरात एक नियम करून ठेवा: पन्नास हजारांच्या वर, किंवा तुमच्या दृष्टीने जी रक्कम मोठी असेल तिच्या वर, कुठलाही व्यवहार करायच्या आधी घरातल्या एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा आणि तो बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि मुलांनो, तुम्हाला सांगतो, आई-बाबांनी विचारलं तर 'अहो बाबा, किती वेळा सांगितलं' असं करू नका. बरीच मोठी रक्कम दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रान्सफरमध्ये जाते, पहिल्यात फसल्याचं कळलेलं असतं पण पोरं ओरडतील म्हणून कुणाला सांगितलेलं नसतं.

पेन्शन आणि हयातीचा दाखला

सरकारी पेन्शनरांचा सीझन नोव्हेंबर, ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. ईपीएस ९५ वाल्यांना मात्र वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून १२ महिने चालतो, तेव्हा 'आज रात्री बारापर्यंत द्या नाहीतर पेन्शन बंद' या फोनला काहीच अर्थ नाही. मुळात दाखला देणं हे पेन्शनरचं काम आहे, तुमच्या वतीने फोनवर तो अपडेट करून देईल असा कुठलाच अधिकारी नसतो. फोन करणाऱ्याकडे तुमची जन्मतारीख, पीपीओ नंबर, रिटायरमेंटची तारीख सगळं बरोबर असू शकतं, ही माहिती बाहेर फिरत असते, त्यावरून तो खरा ठरत नाही.

दाखला घरबसल्या द्यायचा तर प्ले स्टोअरवरून जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन अ‍ॅप घ्या. नाहीतर पोस्टमनला घरी बोलवा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेतर्फे ते मशीन घेऊन येतात, आणि ईपीएस ९५ पेन्शनरांसाठी ही घरपोच सेवा मोफत द्यायचा करार ईपीएफओने नोव्हेंबर २०२५ मध्ये केलाय. ज्यांना स्मार्टफोन झेपत नाही त्यांना पोस्टमनच बरा, माझं तरी हेच मत आहे.

एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) असेल तर थोडक्यात: लॉगिनला एप्रिल २०२४ पासून पासवर्डबरोबर आधारचं व्हेरिफिकेशन लागतं, म्हणजे परत मोबाईल आणि आधारच. प्रान (एनपीएसचा खाते क्रमांक), पासवर्ड कुणाला देऊ नका, स्टेटमेंट बघत जा आणि बँक खातं बदलल्याचा मेसेज तुम्ही न करता आला तर त्याच दिवशी हालचाल करा.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३०. बँकेला नाही, मुलाला नाही, आधी १९३०, कारण तिथून पैसा ज्या खात्यात गेला तिथे तो थांबवायचा प्रयत्न लगेच सुरू होतो, आणि चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाच खात्यांत असे पळवत असतात. जितक्या लवकर कळवाल तितके अडकायची शक्यता. फोन करताना खाते क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर किंवा रेफरन्स नंबर, रक्कम, वेळ हाताशी ठेवा. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार भरा, पोच नंबर जपून ठेवा. चॅट डिलीट करू नका, लाज वाटते म्हणून लोक पहिलं तेच करतात आणि पुरावा जातो, स्क्रीनशॉट काढा.

दुसरा फोन बँकेला, कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग सगळं बंद करायला सांगा आणि लेखी तक्रार द्या, ईमेलने दिली तरी चालेल पण तारीख-वेळ राहील अशी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे चूक तुमची नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर भार शून्य, चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलंत तर ठराविक मर्यादेपर्यंत, त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे गेलं ते बँकेचं. म्हणून 'माझीच चूक आहे, आता काय उपयोग' म्हणून बसू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

यूएएनमधूनच गडबड झाली असेल, म्हणजे न टाकलेला क्लेम दिसतोय किंवा बँक खातं बदललंय, तर पासवर्ड बदला, १४४७० ला फोन करा, ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि शक्य असेल तर त्याच दिवशी पीएफ ऑफिसला स्वतः जा, मुंबईत वांद्रे, कांदिवली, ठाणे, वाशी, बाकी पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, जिथे तुमचं असेल तिथे. क्लेम अजून 'अंडर प्रोसेस' असेल तर तो थांबवता येण्यासारखा असतो. संशय असेल तर खातं फ्रीज करायची कार्यपद्धती ईपीएफओने ऑगस्ट २०२४ मध्ये काढली आहे, अर्जात 'खाते गोठवावे' असं स्पष्ट लिहा, सायबर तक्रारीची प्रत जोडा आणि पोच घ्या.

पोलिसांनी कुठल्या खात्यात रक्कम अडकवून ठेवली असेल तर ती बहुतेकदा कोर्टाच्या आदेशाने परत मिळते, वेळ लागतो, सायबर पोलीस ठाण्यात जाऊन विचारत राहावं लागतं. याच मधल्या काळात 'तुमचे बुडालेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, फक्त प्रोसेसिंग फी भरा' असा फोन येईल. फसलेल्या लोकांच्या याद्या विकल्या जातात आणि बऱ्याचदा हा फोन पहिल्याच टोळीचा असतो. त्यालाही काही द्यायचं नाही, फक्त नंबर लिहून घ्या आणि आधीच्या तक्रारीच्या नंबरसकट पोलिसांना द्या.